अमरांना न जमलेलं

युरिपिडीझचं ‘अल्केस्टिस’ हे नाटक इ.स.पू. ४३८ मध्ये अथेन्समध्ये सादर झालं. नाटक सुरू होतं तेव्हा थेसलीतल्या फेराय गावच्या राजवाड्यातून अपोलो बाहेर पडत असतो. आत राणी अल्केस्टिसचे शेवटचे श्वास चालू आहेत. या घरावर अपोलोचा जीव आहे. राजा अ‍ॅडमेटसने एके काळी त्याला फार मायेने वागवलं होतं आणि त्याची फेड म्हणून अपोलोने नियतीच्या देवतांना गुंगवून राजाचं मरण टाळून घेतलं होतं. अट एकच होती, राजाच्या जागी दुसऱ्या कुणीतरी मरायला तयार व्हावं. म्हातारे आईवडील तयार झाले नाहीत, बायको झाली. आज तिचा दिवस भरला आहे आणि अपोलो निघाला आहे. कारण तो स्वतःच सांगतो. घरात मरण घडणार आहे, त्याचा विटाळ त्याला नको आहे.

मी डॉक्टर आहे. कोल्हापूर आणि आसपासच्या खेड्यांत माझी सगळी प्रॅक्टिस झाली. मिरजेला शिकत होते तेव्हा एका वर्गाबाहेर हिपोक्रेटिसची जुनी शपथ चौकटीत लावलेली होती. तिच्यात पहिलं नाव येतं ते वैद्य अपोलोचं, मग त्याचा मुलगा अस्क्लीपियस, मग अस्क्लीपियसच्या मुली हायजिया आणि पॅनेसिया. आता अनेक ठिकाणी १९४८च्या जिनिव्हा घोषणेवर बेतलेली शपथ घेतात आणि तिच्यात देवाचं नाव नाही. पण आमच्या व्यवसायाच्या मूळ शपथेचा पहिला साक्षीदार तो, जो मरणाऱ्याच्या घरातून सर्वांच्या आधी उठून जातो. युरिपिडीझ वाचल्यापासून ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. आजाऱ्याचा देव नेमका शेवटच्या घटकेला पाठ फिरवत असेल, तर त्याच्यापुढे हात का जोडायचे? ग्रीकांनी तर ते शतकानुशतकं जोडले. त्यांना हे दिसत नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण त्यांच्याच कवींनी ते इतकं उघड लिहून ठेवलं आहे.

ग्रीक देव मी पहिल्यांदा पाहिला तो कोल्हापुरातच, टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात पोसायडनची एक ब्राँझची मूर्ती मिळाली. वीतभरसुद्धा उंच नाही. दाढीवाला, उघड्या अंगाचा, उभा. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी जो समुद्री व्यापार चाले, त्यातून हा समुद्राचा देव घाट चढून आमच्या नदीकाठी आला. वडील म्हणाले, ‘हा त्यांचा वरुण.’ लहानपणी मला ते पटलं. पुढे त्या देवांच्या कथा वाचत गेले तसं ते पटेनासं झालं. वरुण माणसाची पापं बघतो, ऋत सांभाळतो. पोसायडन कुणाची पापं मोजत बसत नाही. ओडिसियसने आंधळं केलेल्या आपल्या मुलासाठी तो त्याला वर्षानुवर्षं समुद्रावर भरकटवतो, आणि तो मुलगा म्हणजे माणसं खाणारा एकाक्ष राक्षस, हे त्याच्या खिजगणतीत नसतं.

या देवांना कुणी प्रेषित नाही, एक पवित्र ग्रंथ नाही, श्रद्धेचा कबुलीजबाब नाही. गावोगावी वेद्या होत्या, सण होते, बळी होते. बळीच्या चरबीचा आणि हाडांचा धूर देवांना जाई, मांस माणसं वाटून खात. कथा कवींनी सांगितल्या. हिरोडोटस तर सरळ म्हणतो की देवांच्या वंशावळी, नावं, कामं आणि रूपं ग्रीकांना होमर आणि हेसिअडने दिली, आणि ते दोघे त्याच्या फार तर ४०० वर्षं आधीचे. आपल्या देवांची ओळख कवींनी करून दिली हे एवढ्या शांतपणे मान्य करणारा समाज मला विलक्षण वाटतो.

हेसिअडच्या ‘थिऑगनी’त आधी एक अथांग पोकळी आहे. मग भूमी, म्हणजे गाया, मग टार्टारसचं पाताळ आणि काम, म्हणजे इरॉस. गायाला आकाश झालं, म्हणजे युरेनस, आणि त्या दोघांना टायटन झाले. धाकट्या क्रोनसने आईच्या सांगण्यावरून कोयत्याने बापाचं पुरुषत्व कापलं. मग आपल्यावरही तीच पाळी येईल या भीतीने तो स्वतःची पोरं जन्मताच गिळत सुटला. सहाव्याच्या वेळी आई रियाने कापडात धोंडा गुंडाळून दिला आणि खरं मूल क्रीटच्या गुहेत लपवलं. तो झ्यूस. मोठा झाल्यावर त्याने भावंडांना बापाच्या पोटातून बाहेर काढलं, दहा वर्षं टायटनांशी युद्ध केलं आणि राज्य मिळवलं. होमर सांगतो की तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, हेडिसला मृतांचा अंधार. पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत सामाईक.

या सगळ्यात एक गोष्ट हातातून निसटू देऊ नये. या देवांनी जग निर्माण केलेलं नाही. जग आधीपासून आहे, देव त्याच्या पोटी जन्मले. ऋग्वेदातलं नासदीय सूक्तही देवांना सृष्टीच्या अलीकडचेच मानतं, पण आपल्याकडे पुढे तो विचार मागे पडला. ग्रीकांच्या कथांत तो शेवटपर्यंत राहिला. त्यामुळे ‘देवाने जगात दुःख का ठेवलं’ हा प्रश्न त्यांच्याकडे त्या रूपात उभाच राहत नाही. झ्यूसने दुःख ठेवलेलं नाही, मरणही त्याने घडवलेलं नाही. तो या घरातला सर्वांत बलवान रहिवासी आहे, घर त्याने बांधलेलं नाही.

ऑलिंपसवरची लफडी, मत्सर, फसवणूक यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ग्रीकांनीच ते आधी लिहिलं. इ.स.पू. सहाव्या शतकात झेनोफनीसने तक्रार केली की होमर आणि हेसिअडने चोरी, व्यभिचार आणि कपट देवांच्या माथी मारलं. त्याने असंही सुनावलं, की घोड्यांना हात असते तर त्यांनी आपले देव घोड्यांसारखे काढले असते. प्लेटोने याच कारणासाठी आपल्या आदर्श नगरात कवींवर निर्बंध घातले. या टीकेबद्दल मला आदर आहे. तरी देव नीतिमान आहेत की नाहीत, या वादात त्या कथांचा गाभा सापडत नाही असं माझं ठाम मत आहे. होमरच्या जगात देव आणि माणूस यांच्यात शीलाचा फरक नाही. दोघंही रागावतात, लोभावतात, खोटं बोलतात. फरक आहे तो फक्त मरणाचा, आणि त्या एका फरकातून बाकीचं सगळं निघतं.

ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’चा पाचवा सर्ग पाहा. डायोमिडीझ या माणसाच्या भाल्याने अ‍ॅफ्रोडायटीच्या मनगटाला जखम होते. तिच्या अंगातून वाहतं ते रक्त नव्हे, इकोर नावाचा द्रव. देव भाकरी खात नाहीत, द्राक्षारस पीत नाहीत, म्हणून त्यांना रक्त नाही आणि म्हणून ते मरत नाहीत, असं होमर तिथेच समजावून सांगतो. ती रडत आईकडे जाते, आई मनगट पुसते, जखम बुजते. थोड्या वेळाने युद्धदेव आरेसच्या पोटात भाला घुसतो. नऊदहा हजार माणसांच्या आरोळीएवढी किंकाळी फोडत तो झ्यूसकडे धावतो, तिथे औषध लागतं आणि तो न्हाऊनधुऊन बापाशेजारी ऐटीत बसतो. युद्धाच्या देवाने युद्धात काहीच पणाला लावलेलं नाही, लावूच शकत नाही. त्याच मैदानावर त्याच दिवशी मेलेल्या पोरांची नावं, त्यांच्या बापांची नावं, त्यांच्या गावची नदी, एवढं सगळं कवी एकेका ओळीत सांगत जातो. डॉक्टर म्हणून सांगते, शरीरात शस्त्र नेमकं कुठून शिरतं आणि कुठे अडतं याची इतकी अचूक जाण फार थोड्या कवींना असते. होमरचं लक्ष तिथे आहे, कारण तिथे परतीची वाट नाही.

पहिल्या सर्गातही हीच जोडी आहे. ग्रीकांच्या बाजूचे अकिलीस आणि अ‍ॅगमेम्नॉन भांडतात आणि त्या भांडणापायी पुढे चिता पेटत राहतात. त्याच सर्गाच्या शेवटी झ्यूस आणि हेरा भांडतात. त्यांचा लंगडा मुलगा हिफेस्टस पेले भरत फिरू लागतो, देवांना हसू आवरत नाही, गाणं होतं आणि सगळे आपापल्या घरी झोपायला जातात.

देवांना काहीच वाटत नाही असं मात्र नाही. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन माणसाच्या पोटी जन्मलेला, म्हणून मर्त्य. सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या हातून तो मरणार, हे झ्यूसला दिसतं आणि त्याला वाचवावं असं त्याच्या मनात येतं. हेरा म्हणते, वाचव, पण मग इतर देवही आपापली मुलं वाचवू लागतील. झ्यूस गप्प बसतो. तो जमिनीवर रक्ताचे थेंब पाडतो आणि मुलगा मेल्यावर निद्रा आणि मृत्यू या जुळ्या भावांकडून त्याचा देह लिशियाला घरी पोचवतो. युफ्रोनिऑस या अथेनियन चित्रकाराने इ.स.पू. ५१५च्या सुमारास एका भांड्यावर हे दोघे पंखधारी भाऊ तो देह उचलताना रंगवले आहेत. हे भांडं अनेक वर्षं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये होतं, २००८ मध्ये ते इटलीला परत गेलं. चित्रात सार्पेडॉनच्या जखमांतून रक्त ओघळतं आहे, आणि त्याला निरोप द्यायला झ्यूस तिथे नाही, हर्मिस उभा आहे.

युरिपिडीझने इ.स.पू. ४२८ मध्ये ‘हिपॉलिटस’ रचलं तेव्हा हा धागा आणखी ताणला. हिपॉलिटस आर्टेमिसचा निस्सीम भक्त, तिच्यासोबत रानात वावरणारा. बापाच्या चुकीच्या शापाने तो रथाच्या लगामांत अडकून फरफटत जातो आणि मरणपंथाला लागतो. आर्टेमिस येते, त्याच्याशी जिव्हाळ्याने बोलते, सत्य उघड करते, आणि त्याचा श्वास अडखळू लागताच निघते. मरणाऱ्याचा अखेरचा श्वास देवांच्या डोळ्यांना वर्ज्य आहे, असं ती सांगते. एवढ्या दीर्घ सोबतीतून तू किती सहज उठलीस, अशा अर्थाचं तो बोलून जातो. त्यानंतर मंचावर उरतात बाप आणि मुलगा. ज्या बापाने शाप दिला, त्याला मुलगा दोषमुक्त करतो आणि त्याच्याच हातांत प्राण सोडतो. ही क्षमा देवता गेल्यावर पूर्ण होते. ‘अल्केस्टिस’मध्येही हेच घडतं. अपोलो निघून जातो आणि वाटसरू म्हणून आलेला हेराक्लीझ, जो अजून मर्त्यच आहे, थडग्याजवळ दबा धरून मृत्यूशी कुस्ती खेळतो आणि राणीला परत आणतो. हे युरिपिडीझने नकळत केलेलं नाही.

हा नुसता कवींचा खेळ नव्हता, हा आचार होता. मुलीबरोबर ग्रीसला गेले तेव्हा मिकोनॉसहून बोटीने आम्ही डिलॉसला गेलो. अपोलो आणि आर्टेमिसचं हे जन्मस्थान. झुडपं, दगड, झीज झालेले संगमरवरी सिंह आणि डोक्यावर ऊन. आई लीटोने जिथे ताडाच्या झाडाला धरून वेणा सोसल्या, त्या बेटावर अथेन्सच्या लोकांनी इ.स.पू. ४२६ मध्ये शुद्धीकरण केलं. सगळी थडगी उकरून अस्थी शेजारच्या रिनिया बेटावर हलवल्या आणि यापुढे डिलॉसवर कुणी मरायचं नाही, कुणी बाळंत व्हायचं नाही, असा नियम केला. ज्याची घटका भरत आली त्याला आणि जिचे दिवस भरले तिला, दोघांनाही रिनियाला न्यायचं. थ्युसिडिडीझने हे नोंदवलं आहे. रिनियावरच्या त्या खड्ड्यातून उकरलेली भांडी आज मिकोनॉसच्या संग्रहालयात आहेत. मधली खाडी अगदी चिंचोळी आहे. मी त्या किनाऱ्यावर उभी राहून बराच वेळ पलीकडे बघत होते. आयुष्यभर मी ज्या दोन खोल्यांत वावरले, त्या दोन्ही या देवाने आपल्या बेटाबाहेर ठेवल्या होत्या.

करवीर तालुक्यातल्या एका गावात ऐन पावसात मला एका म्हातारीसाठी बोलावणं आलं होतं. यकृताचा कर्करोग, शेवटचा टप्पा. दुखणं कमी करणारं इंजेक्शन देऊन झालं, पिशवी आवरली. तिचा मुलगा दारात आडवा आला. म्हणाला, ‘बाई, आता काय करायचं ऱ्हायलं नसलं तरी जाऊ नगासा. बसा की हो जरा.’ मी बसले. सुनेने चहा आणला, तो तसाच निवला. म्हातारीच्या मनगटावर माझी बोटं होती आणि त्यातून मला कळण्यासारखं, तिला मिळण्यासारखं वैद्यकीय असं काही नव्हतं. पहाटे ती गेली. त्या घराने मला पुढे जे मानलं ते इंजेक्शनसाठी मानलं नाही.

अपोलो तिथे बसला असता तरी त्याचं बसणं वेगळं झालं असतं. त्याच्याकडे रात्रींना तोटा नाही. माझी एक रात्र गेली ती कायमची गेली, आणि त्या खाटेवर कधीतरी मीही असणार, हे त्या मुलालाही ठाऊक होतं आणि मलाही. सोबतीला अर्थ येतो तो यामुळे. जो मरू शकत नाही तो धाडस करू शकत नाही, त्याग करू शकत नाही, आणि खऱ्या अर्थाने सोबतही करू शकत नाही. होमरने आणि युरिपिडीझने हे अशा भाषेत म्हटलेलं नाही, पण त्यांच्या कथांची रचनाच ते सांगते. चिरंजीव होणं हे माणसाच्या वाढीचं टोक आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

‘ओडिसी’च्या पाचव्या सर्गात तर हे थेट निवडीवर येतं. कॅलिप्सो ही अप्सरा ओडिसियसला आपल्या बेटावर ठेवून घेते. इथेच राहा, तुला अमर करते, म्हातारपण येणार नाही, असं सांगते. माझी बायको पेनेलपी तुझ्याइतकी सुंदर नाही, ती मर्त्य आहे, म्हातारी होईल, हे ओडिसियस कबूल करतो. तरी मला घरी जायचं आहे म्हणतो आणि लाकडं तोडून तराफा बांधायला घेतो. जगातल्या किती धर्मांनी अमरत्वाची आशा दाखवली आहे! इथे ते हातात ठेवलेलं आहे आणि एक शहाणा माणूस ते परत करतो, म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकोसाठी.

अमरत्व मर्त्याच्या अंगाला लावलं तर काय होतं, ते टिथोनसच्या कथेत आहे. उषेची देवता इऑस त्याच्यावर भाळली आणि तिने झ्यूसकडे त्याच्यासाठी अमरत्व मागितलं, तारुण्य मागायचं राहून गेलं. त्याचे केस पिकले तेव्हा ती शेजेपासून दूर झाली. हातपाय हलेनासे झाले तेव्हा तिने त्याला एका खोलीत ठेवून दार लावून घेतलं, आणि आतून त्याचा आवाज नुसता वाहत राहिला. ही कथा मला सहन होत नाही, कारण ती खोली मी पाहिली आहे. नळ्यांवर महिनोन्‌महिने ठेवलेली माणसं, बाहेर काचेतून बघणारी मुलं, आणि ‘काहीही करा पण थांबवू नका’ म्हणणारं प्रेम. इऑसचं प्रेम खोटं नव्हतं. तिला मर्त्य शरीराची माहिती नव्हती.

माझ्या सासरी वारी आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली तेव्हा विठ्ठल स्वतः तिथे होता आणि त्याच्या जिवाची घालमेल झाली, हे नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांतून मी लग्न झाल्यापासून ऐकत आले. भक्ताच्या जाण्याने रडवेला होणारा देव ज्यांनी कल्पिला, त्यांचं मन किती मोठं असेल! तो विठ्ठल मी सोडलेला नाही. पण ज्या रात्री काहीच उपयोग होत नाही, तान्हं मूल हातात जातं, तेव्हा खिडकीबाहेर नेहमीसारखं उजाडतं. त्या उजाडण्याला काय म्हणायचं, हे मला ग्रीकांकडून कळलं. ती इऑस आहे. तिला दुःख नाही. तिला दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही आणि ती माझ्यासाठी थांबेल अशी आशा करण्यातही नाही. समुद्र बुडालेल्याचा शोक करत नाही, वासना मोडलेलं घर पाहायला मागे वळत नाही. तरीही समुद्र, वासना, पहाट, युद्ध, बुद्धी या शक्ती आहेत, आपल्याआधी होत्या, नंतर असतील, आणि त्यांना मान दिल्याशिवाय जगता येत नाही. खलाशी सूनियनच्या कड्यावर पोसायडनला बळी देई तो त्याच्या शीलासाठी नव्हे. ही उपासना मला भित्री वाटत नाही. जगाचा जो भाग आपल्यासाठी हळवा नाही, त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणं त्यात आहे.

अपवाद आहेत, आणि ज्या देवांना मरणाचा स्पर्श झाला त्यांच्याकडेच माणसांची गर्दी झाली, हे मला फार बोलकं वाटतं. डिमीटरची मुलगी पर्सेफोनी हेडिसने नेली. आई हातात मशाली घेऊन पृथ्वीभर फिरली, अन्नपाणी सोडलं, म्हातारीचं रूप घेऊन एल्यूसिसच्या विहिरीवर बसली. तिच्या शोकाने शेतं पिकेनाशी झाली. अथेन्सजवळच्या त्या एल्यूसिसमध्ये हजारभर वर्षं दीक्षाविधी चालले. आत काय होई ते दीक्षितांनी बाहेर फुटू दिलं नाही, पण मरणाकडे जाताना मनाला उभारी घेऊन ते परतत, अशा साक्षी आहेत.

दुसरा अपवाद आमचा अस्क्लीपियस. आई कोरोनिस मर्त्य. तिच्या चितेतून अपोलोने त्याला काढलं आणि पेलिऑन डोंगरावर कायरॉन या सेंटॉरकडे शिकायला ठेवलं. तो इतका निष्णात झाला की त्याने मेलेल्याला उठवलं, आणि झ्यूसने वीज टाकून त्याला मारलं. मुलाच्या मरणाने चवताळलेल्या अपोलोने वीज घडवणाऱ्या सायक्लॉप्सांना मारलं आणि त्याची शिक्षा म्हणून त्याला एका माणसाची गुरं राखावी लागली. तो माणूस म्हणजे अ‍ॅडमेटस. म्हणजे राणीच्या घरातून बाहेर पडणारा अपोलो हा मुलगा गमावलेला बाप आहे. मरण काय असतं ते त्याला एकदा कळलं होतं, तरी थांबणं त्याच्या स्वभावात नाही.

अस्क्लीपियस मात्र मेलेला वैद्य आहे. पुढे तो देव झाला, आणि लोक त्याच्याकडे लोटले. अथेन्समध्ये मोठी साथ इ.स.पू. ४३० मध्ये आली, त्यानंतर दहा वर्षांनी त्याची तिथे स्थापना झाली. एपिडॉरसला रोगी रात्री देवळाच्या ओसरीत झोपत आणि तो स्वप्नात येऊन उपचार करी. कुणाचा डोळा, कुणाचा मूतखडा, कुणाच्या जबड्यात रुतून राहिलेलं भाल्याचं टोक, असे कितीतरी अनुभव तिथे दगडावर कोरलेले मिळाले. पण तिथेही तोच नियम होता. आवारात मरण नको, बाळंतपण नको. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस हा प्रवासी तिथे गेला. तो लिहितो की रोगी उघड्यावर प्राण सोडत, बायका आडोशाविना बाळंत होत, आणि लोकांना त्याचा जाच होई. मग अँटोनायनस नावाच्या रोमन सेनेटरने तिथे एक घर बांधलं, ज्यात माणसाला मरता यावं आणि बाईला बाळंत होता यावं. देवाने हजार लोक बरे केले असतील. ते घर एका माणसाला बांधावं लागलं. एपिडॉरसला जाणारे ते सुंदर नाट्यगृह पाहून परत फिरतात. मी त्या घराचा विचार करत बसले.

ग्रीकांचा सर्वांत मोठा प्रसंग मला विचाराल तर तो ‘इलियड’च्या चोविसाव्या सर्गात आहे. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम शत्रूच्या छावणीत जातो, मुलगा हेक्टर याचा देह मागायला. अकिलीसने त्या देहाचे हाल केले आहेत. हेक्टरचा पाठीराखा अपोलो होता. तराजूत हेक्टरचं पारडं खाली गेलं त्या क्षणी तोही त्याला सोडून गेला होता. प्रायमला रात्री छावणीतून वाट दाखवत हर्मिस आणतो आणि बाहेरच आपली ओळख देऊन ऑलिंपसला निघून जातो. देवाने मर्त्यांच्या घरी असं उघड आत येणं बरं नव्हे, म्हणतो. आत जातो एकटा प्रायम.

तो अकिलीसचे गुडघे धरतो आणि मुलाला मारणाऱ्या त्या हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाची आठवण कर, म्हणतो. दोघे रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा आपल्या बापासाठी आणि मेलेला मित्र पॅट्रोक्लस याच्यासाठी. मग अकिलीस त्याला हात धरून उठवतो आणि सांगतो की झ्यूसच्या दारात दोन रांजण आहेत, एक दुःखांचा, एक सुखांचा. तो माणसांना मिसळून देतो किंवा नुसतं दुःख देतो. स्वतः देवांना मात्र कसली चिंता नाही. हे तो रागाने म्हणत नाही. त्यानंतर तो देह धुवायला सांगतो आणि स्वतःच्या हातांनी उचलून बाजेवर ठेवतो. दोघे जेवतात. जेवल्यावर एकमेकांकडे बघत राहतात, आणि दोघांनाही समोरचा माणूस देखणा वाटतो.

झोपण्याआधी अकिलीस विचारतो, अंत्यसंस्काराला किती दिवस लागतील? तेवढे दिवस मी सैन्य आवरून धरतो. प्रायम हिशेब सांगतो. नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी अग्नी आणि लोकांना जेवण, अकराव्या दिवशी समाधीचा ढीग, बाराव्या दिवशी लढायचंच असेल तर लढू. अकिलीस म्हातारबाबाचं मनगट हातात घेतो, त्याला धीर वाटावा म्हणून, आणि मान्य करतो. हेक्टरच्या पाठोपाठ आपलंही मरण आहे, हे त्याला आईने आधीच सांगितलेलं आहे. उरलेल्या मोजक्या दिवसांतले अकरा दिवस तो शत्रूच्या बापाला देतो.